रोहूने माळ घातली

खडकीतल्या माणसाला पाहुण्यांपुढे मिरवायला दोन गोष्टी असतात. एक, १८६९ साली उभी राहिलेली अम्युनिशन फॅक्टरी. दुसरी, ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई. पैकी फॅक्टरीत कुणाला आत सोडत नाहीत आणि लढाई आपण हरलो होतो. त्यामुळे मिरवणं लवकर आटपतं आणि पाहुणे 'बरं, जेवायला काय आहे?' या मूळ मुद्द्यावर येतात.

त्या लढाईला एक शेपूट आहे, ते शाळेच्या पुस्तकात येत नाही. इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांत विल्यम हेन्री सायक्स नावाचा एक अधिकारी होता. पेशवाई बुडाली, आणि पुढे १८२४ साली मुंबई सरकारने या साहेबाला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामाला लावलं. माणसं, पिकं, पाऊस, पाखरं असं मोजता मोजता साहेब नदीशी पोचला. मुळा-मुठा आणि भीमेच्या पाण्यात काय काय पोहतं ते त्याने पकडून आणवलं, त्याची चित्रं काढवली आणि त्यावर निबंध लिहिला. १८३० च्या दशकाच्या अखेरीस तो निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रवाल्यांपुढे गेला. मळ्या, खुद्री, शिंगटी, बोगट ही आपल्याकडची नावं त्याने लॅटिनच्या पंगतीत बसवली, ती आजही तिथे बसून आहेत. साहेब स्वतः १८५६ साली ईस्ट इंडिया कंपनीचा चेअरमन झाला. दुसऱ्याच वर्षी सत्तावन्न उजाडलं. तेव्हा त्याला खडकीच्या माशांची आठवण आली असेल, तर मी त्याला दोष देणार नाही.

सायक्सच्या निबंधाचा भर रूपावर होता: खवले किती, पर कसे, मिशा कुठे. मासा जेवतो काय, हे शोधायचं काम पुढच्यांनी केलं, आणि त्याची शास्त्रातली खात्रीची पद्धत म्हणजे माशाचं पोट फाडून आत बघणं. वर्षाच्या बाराही महिन्यांत मासे धरायचे, लहान-मोठे वेगळे करायचे, प्रत्येकाचं आतडं उघडायचं आणि आतला ऐवज भिंगाखाली मांडून हिशेब लिहायचा. एवढ्यावर लोकांना विद्यापीठांतून डॉक्टरेट मिळते. आमच्या बाजारातली मासेवाली मावशी हेच काम जन्मभर करते आहे. तिला पदवी मिळालेली नाही, उलट गिऱ्हाईक 'साफ करायचे वेगळे पैसे कशाला?' म्हणून भांडतं.

मी मात्र मावशीकडे विद्यार्थ्याच्या भावनेने उभा राहतो. तिने रोहू विळीवर घेतला, सपासप खवले उडवले, पोटाला चीर दिली आणि दोन बोटांनी आतडं बाहेर ओढलं. ओढलं, आणखी ओढलं, तरी ते येतच होतं. दोऱ्यासारखं बारीक, वेटोळ्यावर वेटोळं, दाबलं की आतून हिरवट काळा चिखल. मग तिने मरळ घेतला. त्याचं आतडं वीतभर, पण वर जठराची जाड पिशवी, आणि पिशवीत अख्खीच्या अख्खी एक बारकी मासळी. तिचा डोळा अजून शाबूत होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

"मावशी, दोघांच्या पोटात एवढा फरक कसा?"

"ह्यो गवत खातो, त्यो भाऊबंद खातो. आता सरका, मागं लाइन लागलीय."

शास्त्राच्या पुस्तकात हेच दोन पानांत आहे. वनस्पती पचायला वेळ लागतो म्हणून शाकाहारी माशाचं आतडं लांब. मांस लवकर पचतं म्हणून शिकाऱ्याचं आखूड. पण पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, ती मावशीच्या विळीखाली येत नाही, कारण बोटभर पिल्लू बाजारात येत नाही. हा लांब आतड्याचा सात्त्विक रोहू जन्माला येतो तो आखूड आतडं घेऊन. अंड्यातून निघून बरोबरची शिदोरी संपली की तो पाण्यातले बारीक जीव मटकावत सुटतो. डोळ्यांनी धड दिसणारही नाहीत असे किडे, पाण्यातल्या पिसवा, जे हलेल ते. जसजसा वाढतो तसतसा मांसाहार सुटत जातो, आतडं लांबत लांबत अंगाच्या कित्येक पट होतं, आणि पोक्त वयात स्वारी शेवाळ, सडकी पानं आणि झालरवाल्या ओठांनी खरवडलेला हिरवा थर यांवर संतुष्ट राहते.

वाचल्याबरोबर मला आमच्या आळीतले एक काका आठवले. फॅक्टरीत होते तोवर बुधवार-शुक्रवार-रविवार सुकं मटण आणि पगाराच्या दिवशी वरती कलेजी. रिटायर झाले, वारीला गेले, गळ्यात तुळशीची माळ घालून परत आले. आता समोरून आम्लेटचा वास आला तरी खिडकी लावून घेतात. रोहूने नेमकं हेच केलंय. फरक इतकाच, की माळ घातल्यावर काकांचं आतडं लांबलं नाही, जीभ लांबली. आळीत कोण काय खातं यावर ते रोज प्रवचन देतात. रोहू माळ घालून गप्प असतो.

तळ्यात रोहूबरोबर वाढणारी भावंडंही अशीच. बाळपणी सगळी एका ताटातली, एकाच बारीक जीवांवर तुटून पडणारी. मोठेपणी वाटण्या होतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठभागाजवळ तेच बारीक जीव गाळून खात राहतो. म्हातारपणीही त्याने माळ घातलेली नाही. रोहू मधलं पाणी धरतो. मृगळ तळाशी जाऊन चिखलातलं कुजकं-नासकं निवडतो. वाटणी अशी चोख, की मत्स्यशेतीवाले एकाच तळ्यात तिघांना सोडतात आणि कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. ही मंडळी मूळची आपल्याकडची नव्हेत, गंगेकडची. महाराष्ट्राच्या धरणांत ती बी सोडून रुजवलेली. स्थिरावली मात्र अशी, की आता खऱ्या इथल्या माशाला कुणी ओळखत नाही आणि 'रोहू नाही?' हा बाजारातला पहिला प्रश्न असतो.

मरळाचं उलट आहे. त्याचा प्रवास तामसाकडून आणखी तामसाकडे. लहानपणी पाण्यातले सूक्ष्म जीव, मग किडे आणि अळ्या, अंग धरलं की बेडूक आणि मासे. सुरुवातीला त्याची तांबूस पिल्लं पाण्यावर झुंबड करून फिरतात आणि आईबाप खालून पहारा देतात. बघणाऱ्याला गहिवरून यावं असं दृश्य. पण यात एखादं पिल्लू जरा आडमाप वाढलं की ते शेजारच्या भावाकडे निराळ्या नजरेने बघायला लागतं. म्हणून मरळ पाळणारे पिल्लांची आकारावारी पुन्हा पुन्हा निवड करत बसतात. तेवढं केलं नाही, तर हजार सोडून मोजकेच गलेलठ्ठ हाती लागतात. इस्टेटीच्या दाव्यांत आपल्याकडे हीच गोष्ट कोर्टामार्फत होते, वेळ जास्त लागतो एवढंच.

वयाचं झालं, आता ऋतूचं. आमच्या घरात काय शिजणार हे भिंतीवरचं कॅलेंडर ठरवतं. सोमवार नको, गुरुवार नको, शनिवार मारुतीचा, मध्येच चतुर्थी उगवते. उरलेल्या दिवसांत मासे महाग असतात. माशाचंही कॅलेंडर आहे, पण ते पाण्यात टांगलेलं असतं.

चैत्र-वैशाखात नदी आटते, डोह उरतात, पाणी तापून हिरवं होतं. शेवाळ खाणाऱ्यांची चंगळ असते. पण दुपारी पाणी फार तापतं, म्हणून तेव्हा जेवायचं नाव नको. पहाटे आणि उन्हं उतरल्यावर काय ते. खडकीत मे महिन्यात माणसंही हेच करतात, फक्त त्याला ते 'भूकच नाही' म्हणतात आणि रात्री अकराला कुल्फी खायला बाहेर पडतात.

मग पहिला मोठा पाऊस. काठावरची माती, गांडुळं, मुंग्या, पंख फुटून उडालेल्या वाळव्या, झाडावरचे सुरवंट, सगळं लोटून नदीत येतं. दगडाला खालच्या तोंडाने चिकटून शेवाळ खरवडणाऱ्या मळ्याचं ताट पुराने एका रात्रीत घासून लखलखीत होतं, तेव्हा त्यालाही मिळेल ते उचलावं लागतं. किडे न खाणाराही चवीपुरते किडे खातो. पण नेमके अन्नाचे हे लोंढे लोटलेले असताना बऱ्याच माशांचं जेवणावरून लक्ष उडालेलं असतं, कारण हाच विणीचा काळ. पोटात गाबोळी इतकी भरलेली की घासाला जागाच नाही. आणि अशा उपाशी, भरल्या पोटानिशी मासे उलट्या पाण्याने वर चढतात. हे चढणीचे मासे ओढ्यात, भातखाचरात, अगदी शेताच्या बांधापर्यंत पोचतात आणि तिथे लोक टोपल्या घेऊन उभेच असतात. पोट भरलेलं, ताजं, फुकट. एका टोपलीत पुढच्या वर्षीची नदी घरी जाते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण आषाढ संपत आलेला असतो आणि गटारी जवळ आलेली असते.

याच आषाढाच्या आगेमागे, १० जुलैला, देशात मत्स्यशेतकरी दिवस साजरा होतो. १९५७ साली त्या तारखेला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात साठलेल्या पाण्यातल्या माशांना दुसऱ्या माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचं इंजेक्शन टोचून अंडी घालायला लावली. रोहू-कटल्यांना विणीसाठी वाहतं, चढतं, पावसाळी पाणी लागतं, तळ्यात ते नुसते गरगरत राहायचे. इंजेक्शनने त्यांना पाऊस आल्याचं पटवलं. आज आपल्या ताटात पडणाऱ्या तुकडीमागे असा एक खोटा आषाढ असतो.

श्रावण आला की आपण मासा सोडतो. मासा काहीच सोडत नाही. वीण उरकून रिकाम्या झालेल्या पोटाने तो सपाटून खातो, आणि भाद्रपद-आश्विनात त्याची वाढ जोरात असते. त्यात विसर्जनाला येणारे भाविक, पितृपंधरवड्यात नदीकाठी ठेवलेल्या वाड्या, कणकेचे गोळे, कुरमुरे. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे कुणी धरत नाही. महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहात देवीचे मासे आहेत, सायक्सने लॅटिनात बसवलेले खुद्री जातीचे. भाविक त्यांना कुरमुरे घालतात. खुद्रीचं मूळचं जेवण राजेशाही आहे. लहानपणी पाण्यातल्या अळ्या आणि शेवाळ; मोठेपणी खेकडे, शंखशिंपले, बारके मासे, आणि काठावरच्या झाडावरून पाण्यात पडणारं उंबर. एवढा पट असलेला मासा मुकाट्याने कुरमुरे खातो. देवस्थानात राहायचं म्हटलं की प्रसादाला नाव ठेवून चालत नाही. आमच्या मुळेतून हा मासा जवळजवळ नाहीसा झाला. लोणावळ्याला वळवणच्या तलावापाशी टाटांच्या केंद्रात त्याची पैदास १९७० च्या दशकापासून चालू आहे. पुण्याच्या नदीतला मासा आज बघायचा तर लोणावळ्याला जावं लागतं, येताना चिक्की आणता येते.

दसरा-दिवाळी सरते, थंडी पडते, आणि इथे माणसाची आणि माशाची वाट वेगळी होते. आपलं रक्त गरम; थंडीत अंग उबदार ठेवायला सरपण जास्त लागतं, म्हणून डिंकाचे लाडू, हुरडा, बाजरीची भाकरी. माशाचं अंग पाण्याइतकंच थंड. पाणी गार झालं की पचन मंदावतं आणि भूक जाते. मार्गशीर्षात आपल्याकडे घरोघरी मांसाहार बंद असतो आणि पाण्यात मासाही बेताने खातो. सबंध वर्षात दोन्ही पक्षांचा एकत्र उपास पडतो तो एवढाच, आणि श्रावणानंतर मावशीच्या धंद्याला पुन्हा सुतक येतं तेही तेव्हाच.

हे सगळं मला पुस्तकात शोधावं लागलं. आमच्या शेजारचे आजोबा ते चार ओळींत सांगतात. ते गळ टाकणारे. पूर्वी होळकर पुलाखाली बसायचे, आता पवना धरणाकडे जातात. त्यांचं वेळापत्रक असं: "उन्हाळ्यात पहाटे कणीक. पाऊस पडला की गांडूळ. गणपती गेले की काहीही लाव, लागतो. आणि थंडीत पांघरूण घेऊन घरी पडायचं." संशोधन म्हणतात ते याहून काय निराळं असतं? तक्ते असतात.

आजोबा होळकर पुलाखालून का उठले, ते पुलावरून खाली बघितलं की कळतं. हिवाळा सरता सरता नदीचं पाणी दिसेनासं होतं आणि काठापासून काठापर्यंत जलपर्णीची हिरवीगार सतरंजी पसरते. नव्या माणसाला वाटतं, काय सुंदर लॉन आहे. संध्याकाळी डास चावले की त्याचं सौंदर्य कळतं. आता या हिरवाईवर माशांकडून काही होईल का, असं कुणालाही वाटेल, कारण गवत्या नावाचा मासा १९५९ साली खास परदेशातून भारतात आणलेला आहे. तो बाळपणी किडे खातो, मोठेपणी पाणगवतावर तुटून पडतो, दिवसाला मणभर चरतो म्हणायचं तेवढंच बाकी आहे. पण याच्यासमोर हायड्रिला टाका, बारीक तरंगती टिकली टाका, फडशा. जलपर्णी दाखवा, नाक मुरडतो. पुण्यात येऊन राहिल्यावर आवडनिवड सुटणं कठीण, हे तो न येताच शिकलेला दिसतो.

डासांसाठी दुसरी फौज आहे, गप्पी माशांची. डासांच्या अळ्या खातील म्हणून त्यांना हौद, डबकी आणि कारंज्यांत सोडतात. खातातही बिचारे, स्वच्छ पाण्यात आणि भूक असेल तर. पण डबक्यात दुसरं काही सोपं मिळालं, शेवाळ मिळालं, उष्टं मिळालं, की अळीमागे धावायचा त्यांना कंटाळा येतो. नेमणूक कायम झाली की कामाचा उरक कसा बदलतो, याचा हा सगळ्यांत छोट्या आकारातला पुरावा.

मग या नदीत टिकतो कोण? ज्याला काही चालतं तो. १९५२ साली आणलेली चिलापी. तिला शेवाळ चालतं, गाळ चालतो, किडा चालतो, पिल्लू चालतं. फक्त एका काळात ती तोंड मिटते: अंडी घातली की आई ती तोंडात घेते, पिल्लं बाहेर पडून पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळते आणि तोवर जवळजवळ काहीही खात नाही. तोंडात हजार घास आणि एकही गिळायचा नाही. एवढा कडक उपास आमच्या सोळा सोमवारवाल्यांनीही केलेला नाही, कारण त्यांच्या तोंडात निदान साबुदाण्याची खिचडी असते. चिलापीच्या पलीकडे आफ्रिकेतला मांगूर. त्याला तर कुजलेलं मांसही चालतं. केंद्राने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. बंदीची नोटीस मांगूरने खाल्ली असावी, कारण तो अजून सापडतो.

आता आपल्या मुद्द्यावर येऊ: जेवायला काय आहे? आपला मासा आपण कुठून आणतो? 'उजनीचा आहे ना?' हा खडकी बाजारातला खात्रीचा प्रश्न. उजनीचं धरण म्हणजे लांबचं, मोकळं, स्वच्छ पाणी अशी आपली समजूत. नकाशावर बोट ठेवून बघावं. पवना दापोडीपाशी मुळेला मिळते, मुळा खडकीवरून पुढे जाऊन संगमावर मुठेला, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीला. पुणे आणि पिंपरी-चिंचवडने सकाळी नदीत जे जे सोडलं, मोरीतलं, भांड्यातलं, साबणातलं, देवघरातलं, ते याच वाटेने खाली जातं. उजनीत त्याचं हिरवं शेवाळ होतं, शेवाळावर सूक्ष्म जीव पोसतात, ते जीव रोहूचं पिल्लू खातं, मोठं झाल्यावर तोच रोहू माळ घालून शेवाळ खातो, चिलापी दोन्ही खाते, मरळ चिलापीला खातो, आणि भिगवणच्या बाजारातून बर्फात बसून तो परत पुण्याला येतो. माशाने आयुष्यभर पथ्य बदललं, ऋतू पाळले, आतड्याची लांबी बदलली. स्वयंपाक मात्र पहिल्यापासून आपल्याच घरचा होता.

हे सगळं मी गेल्या रविवारी मावशीपुढे मांडलं. नद्यांची नावं घेतली, आतड्याचं गणित सांगितलं. मागे लाइन वाढत होती. माझ्या मागच्या बाई अखेर पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मावशी, मासा उजनीचाच आहे ना? इकडचा नको हं."

मावशीने रोहूचं पोट चिरलं, आतडं बाजूला टाकलं आणि विळी पाण्याने धुतली.

"मासा उजनीचाच हाय, बाई. डबा इथूनच जातो. किती तुकड्या करू?"